फोटो ठरविताना

आमच्या घराच्या भिंतीवर तीनच फोटो आहेत. पहिला ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वरांचा, दुसरा आजोबांचा आणि तिसरा आई-अण्णांचा. चौथ्या फोटोची तयारी गेले दोन महिने घरात चालू आहे आणि हा लेख त्याच्याविषयी आहे. जो फोटो अजून निघालाच नाही त्याच्यावर काय लिहायचे, असे वाचकांना वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण फोटो निघतो तो क्षणभरात. त्याआधी दोन माणसांमध्ये जे काही घडते ते मी जवळून पाहिले, आणि तेच मला सांगावेसे वाटते.

त्याआधी तिसऱ्या फोटोविषयी थोडेसे. त्यात अण्णा खुर्चीवर बसले आहेत, हात गुडघ्यांवर. आई शेजारी उभी आहे. दोघांच्या मध्ये आणखी एक माणूस सहज मावेल एवढे अंतर. मागे रंगविलेला पडदा, त्यावर बर्फाचा डोंगर आणि निळे तळे. मे महिन्यात ज्या गावात डांबर वितळते, त्या सोलापुरात हे दोघे बर्फाच्या डोंगरापुढे घामाघूम होऊन बसलेले! मी आईला एकदा विचारले, "तो पडदा कुणी निवडला गं?" आई म्हणाली, "निवडायचं काय त्यात? तिथं होता तो." "आणि साडी?" "आत्यानं दिलेली." "मग तू काय ठरवलंस?" आईने जरा आठवून पाहिले आणि म्हणाली, "फोटोवाला म्हटला हनुवटी वर करा, मी केली."

आईच्या लग्नाची सारी हकिकत या एका वाक्यात आली आहे असे मला वाटते. हनुवटी वर करा म्हटले, तिने केली. अण्णांचेही फार निराळे नव्हते. त्यांना स्थळ दाखविले, त्यांनी मान हलविली. दोघांचा संसार पुढे चांगला झाला, हे त्यांचे मोठेपण.

१८३९ साली पॅरिसमध्ये छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला आणि थोड्याच वर्षांत तो मुंबईला पोहोचला. १८५४ मध्ये तर मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. त्या काळी काचेवर प्रतिमा उमटायला वेळ लागे. जरा हलले की चेहरा पुसट होई. म्हणून माणसे श्वास रोखून, डोळे ताठ करून बसत. जुन्या तसबिरींतली माणसे रागावलेली दिसतात, ती रागावलेली नसून नुसती थांबलेली आहेत. पुढे यंत्रे सुधारली, हालचाल टिपली जाऊ लागली. पण आमच्याकडचा नवरा-नवरीचा फोटो मात्र थांबलेलाच राहिला. आई-अण्णांचा फोटो या शतकाच्या उंबरठ्यावरचा आहे, तरी बसणे दीडशे वर्षांपूर्वीचे!

आता चौथ्या फोटोकडे वळतो. माझी अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचा साखरपुडा मार्गशीर्षात झाला, लग्न वैशाखात आहे. होणारे दाजी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला आहेत. आई आणि अक्का घरी विड्या वळतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे ज्या ज्या कामाला कागद लागतो ते माझ्याकडे येते. रेशनकार्ड माझ्याकडे, बँकेचे पासबुक माझ्याकडे, दवाखान्यातली चिठ्ठी वाचणे माझ्याकडे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मराठी घेतलेल्या मुलाला औषधांची नावे कशी कळणार, हा प्रश्न आमच्या गल्लीत कुणाला पडत नाही.

साखरपुड्यानंतर आठ दिवसांनी दाजींच्या घरून निरोप आला की, लग्नाआधी दोघांचे 'प्री-वेडिंग' करायचे आहे. अण्णांना हा शब्द 'फ्री वेडिंग' असा ऐकू आला. ते खुशीने म्हणाले, "फुकटात लगीन लावून द्यायलेत का काय? मग घ्या की!" त्यात लग्नाआधीच नवरा-नवरीला बागेत, किल्ल्यात, तळ्याकाठी नेऊन फोटो आणि चित्रफीत काढतात, ती लग्नाच्या दिवशी कार्यालयात मोठ्या पडद्यावर दाखवितात, आणि त्याचे पैसे घसघशीत असतात, हे मी समजावून सांगितल्यावर अण्णांचा चेहरा जुन्या तसबिरीसारखा झाला.

फोटोग्राफरशी बोलायला मी आणि दाजी गेलो. त्याने आमच्यापुढे एक छापील कागद ठेवला. एका बाजूला दर: अर्धा दिवस, पूर्ण दिवस, दोन पोशाख, चार पोशाख, ड्रोन, धुराच्या कांड्या. दुसऱ्या बाजूला प्रश्न होते आणि ते जोडप्याने भरून आणायचे होते. तुम्ही प्रथम कुठे भेटलात? तुमची आवडती जागा कोणती? एकमेकांच्या कोणत्या गोष्टी तुम्हाला आवडतात? एकत्र काय करायला आवडते?

मी तो कागद घरी आणला आणि रात्री विड्यांचे सूप बाजूला झाल्यावर अक्कापुढे धरला. पहिल्या प्रश्नाला तिला हसू आले. दोघे प्रथम भेटले ते आमच्याच खोलीत, दहा बाय दहाच्या, चौदा माणसांच्या साक्षीने. त्यांतली सहा माणसे पोहे खात होती आणि एक काका नोकरीत पगार किती, फंड कापतात का, हे विचारीत होते. दाजींना त्या दिवशी अक्काचे दिसले ते फक्त हात, ट्रे धरलेले.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र अक्का गप्प झाली. तुमची आवडती जागा कोणती?

अक्काचा दिवस ज्यांना माहीत नाही त्यांना तिच्या गप्प होण्याचा अर्थ कळणार नाही. सकाळी विडीच्या ब्रँचला जायचे, आदल्या दिवशीच्या विड्या द्यायच्या, त्यातल्या नापसंत काढून टाकलेल्या मुकाट्याने पाहायच्या आणि नवी पाने व तंबाखू मोजून घ्यायची. घरी येऊन पाने भिजवायची, मापाने कातरायची, मांडीवर सूप घेऊन वळायला बसायचे. पान, तंबाखू, वळण, दोरा, आणि पुन्हा पान. दिवसाला हजार विड्या पुऱ्या करायच्या तर मान वर करायला सवड नसते. दहावीनंतर अक्का हेच करीत आली आहे. तिला दहावीला माझ्यापेक्षा अधिक गुण होते. घरात दोघांच्या फीचा मेळ बसेना, तेव्हा कुणी काही न बोलता ते ठरून गेले. तिच्या घरापासून ब्रँचपर्यंतच्या रस्त्यावर एक पिठाची गिरणी, एक मारुतीचे देऊळ आणि एक गटार लागते. यांतली कोणती जागा आवडती म्हणून लिहावी?

ती मला म्हणाली, "अरे, असं कुणी विचारलंच न्हाई की कधी. तूच लिही काहीतरी."

मी कागदपत्रांचा जाणकार. पण हा रकाना मला भरता येईना. मी तो कोराच ठेवला.

दाजींकडे तोच कागद गेला होता. ते दुपारपाळीला असतात. रात्री सुटी झाली की फोन करतात. साखरपुडा झाल्यापासून त्या दोघांचे फोन मी ऐकत होतो. ऐकत म्हणजे, एका खोलीच्या घरात न ऐकण्याची सोयच नाही. संभाषण ठरलेले असे. "जेवलात का?" "जेवले. तुम्ही?" "जेवलो." मग बराच वेळ दोन्हीकडे मागांचा आणि पंख्याचा आवाज. त्या रात्री मात्र दाजींनी विचारले, "तुम्ही दुसऱ्या प्रश्नाला काय लिहिलं?" अक्का म्हणाली, "काहीच न्हाई." ते म्हणाले, "मी पण." आणि दोघे मनापासून हसले. मला वाटते, त्या दोघांची खरी ओळख तिथून सुरू झाली.

पुढचे काही दिवस आमच्या घरात सोलापूरचा भूगोल आणि इतिहास गाजत होता. दाजींचे मित्र रोज नवी जागा सुचवीत. कुणी म्हणे भुईकोट किल्ला. बुरूज आहेत, खंदक आहे, बाजूला सिद्धेश्वर तलाव आहे. मी चौकशी केली. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. मोबाइलवर फोटो काढणे निराळे आणि दिवे-तिपाई लावून चित्रीकरण करणे निराळे, त्याला परवानगी घ्यावी लागते. कुणी म्हणे इंद्रभुवन. अप्पासाहेब वारदांनी हौसेने बांधलेला तो वाडा पुढे महानगरपालिकेकडे आला, आणि त्याच्या कमानी-नक्षीचे फोटो सुरेख येतात हे खरेच. पण आई म्हणाली, "तिथं मी घरपट्टीच्या रांगेत उभारलेली. तिथं कसला फोटो?" कुणी तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परग्याचा तलाव सुचविला.

एकाने भीमा-सीना संगमावरचे हत्तरसंग कुडल सुचविले. ते नाव येताच मी ताठ बसलो, कारण वर्गात आम्ही त्याचा उल्लेख ऐकला होता. तिथल्या संगमेश्वर मंदिरात तुळईवर मराठीतला एक अतिशय जुना शिलालेख आहे, शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा. जो हे वाचील तो विजयी होईल, अशा आशयाची एक ओळ त्यात आहे. मी हे मोठ्या अभिमानाने सांगितले. अक्काने विडीवरचा हात न थांबविता विचारले, "कोण जिंकंल म्हणं? वाचणारा? लिहिणारा न्हाई?" मी म्हणालो, "वाचणारा." ती म्हणाली, "चांगलंय की. हजार वर्सं राहिलंय बघ ते. आमचा फोटो मोबाइल बदलला की जाईल." मी तिच्याकडे पाहतच राहिलो. अकरावीचे तोंड न पाहिलेल्या अक्काने त्या ओळीवर जो प्रश्न विचारला तो आमच्या वर्गात कुणाला सुचला नव्हता.

जागा ठरत नव्हती. दर मात्र ठरत आला होता. दाजींच्या आईच्या मनात चार पोशाखांचे, ड्रोनसह सगळे करायचे होते. त्यांच्या शेजारच्या घरी गेल्या वर्षी तसे झाले होते. मी त्या रकमेला अक्काच्या हजार विड्यांमागच्या मजुरीने भागून पाहिले. उत्तर एक लाखाहून अधिक विड्या असे आले. भागाकार मी तिला दाखविला नाही. पण तो तिने मनातल्या मनात आधीच केला होता, हे मला नंतर कळले.

पैसे दाजी घालणार होते, आणि ते आणणार होते मालकाकडून उचल घेऊन. यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या घरांत 'उचल' म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. इतरांसाठी सांगतो. मालक कामगाराला अडीनडीला आगाऊ रक्कम देतो आणि ती मजुरीतून कापून घेतो. रक्कम फिटेपर्यंत कामगाराला दुसरा कारखाना धरता येत नाही. मजुरी वाढवून मागायलाही तोंड उरत नाही. अण्णांची सारी उमेद अशा उचलीत गेली. एक फिटली की दुसरी. माझ्या जन्माची एक, आजोबांच्या आजारपणाची एक. त्या दोन्ही टाळता येण्याजोग्या नव्हत्या. पण फोटोसाठी उचल!

अक्काला हे फोनवर कळले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बघू," आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तिच्या विड्या नापसंतीत जास्त निघाल्या. दोऱ्याच्या गाठी ढिल्या पडल्या होत्या. आईने विचारले, "काय झालंय?" ती म्हणाली, "काही न्हाई." आमच्या घरातल्या बायकांचे 'काही न्हाई' म्हणजे किती, हे आता मला उमगू लागले आहे.

मधेच गड्ड्याची यात्रा आली. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या या यात्रेत आमचे सोलापूर घरी राहत नाही. पहिल्या दिवशी नंदीध्वजांची मिरवणूक निघून अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा असतो. पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले मानकरी, उंच उंच सात नंदीध्वज आणि लाखो माणसांच्या हातांतल्या अक्षता. त्या दिवशी दाजींची पाळी नव्हती. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या परवानगीने ते, अक्का आणि त्यांच्यावर देखरेखीसाठी मी असे तिघे अक्षतेला गेलो.

या सोहळ्याची कथा सोलापुरात पोरासोरांनाही पाठ आहे. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धराम. त्यांच्या दारात रोज सडा-रांगोळी घालणाऱ्या कुंभारकन्येने त्यांच्याशी विवाहाची इच्छा बोलून दाखविली. योग्याला संसार कसा चालेल? त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करायला अनुमती दिली. तो विवाह आम्ही सोलापूरकर दर वर्षी लावतो. लहानपणापासून मी अक्षता टाकीत आलो. पण यंदा, मनात तो फोटोचा गुंता असल्यामुळे असेल, कट्ट्याचे नाव प्रथमच कानांत शिरले. संमती कट्टा! आधी संमतीचे वाचन होते, मग अक्षता पडतात. आणि या लग्नात इच्छा प्रथम बोलून दाखविली कुणी? तर मुलीने. आठशे वर्षांहून जुनी गोष्ट आणि एका कुंभाराच्या मुलीला स्वतःला काय हवे ते सांगता आले. तिला जे मिळाले ते पुरेसे होते की नाही हा प्रश्न निराळा. पण तिने सांगितले, आणि ते ऐकून घेतले गेले. ज्या गावात हा सोहळा होतो त्याच गावात माझ्या आईला कुणी साडीचा रंग विचारला नव्हता.

परतताना गर्दी ओसरेपर्यंत आम्ही तळ्याच्या कडेला थांबलो. मी शेंगा आणायला म्हणून बाजूला झालो. पण फार लांब गेलो नाही, देखरेख होती ना! अक्का दाजींना म्हणाली, "एक बोलू का? राग नका मानू." ते म्हणाले, "बोला की." ती म्हणाली, "उचल घेऊन काढलेल्या फोटोत मला हसू यायचं न्हाई. आमच्या अण्णांनी सारा जन्म उचल फेडली. तुमच्या गळ्यात ती माझ्या फोटोनं पडाय नको."

मी शेंगांची पुडी हातात धरून उभा होतो. मला वाटले, आता दाजींना अपमान वाटणार. आमच्याकडे पुरुषाच्या खर्चाला बाईने नको म्हणणे म्हणजे त्याच्या ऐपतीवर बोट ठेवणे. दाजी थोडा वेळ तळ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मला पण नकोच होती. आईला नाही म्हणवंना. तुम्ही म्हटलं ते बरं झालं." आणि जरा थांबून म्हणाले, "त्यांना मी सांगतो. तुमचं नाव न्हाई घेणार." अक्का म्हणाली, "घ्या की. माझंच म्हणणं हाय ते."

माझ्या अक्काला मी इतकी वर्षे पाहतो आहे. तिच्या तोंडून 'माझं म्हणणं' हे दोन शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

त्यानंतर बेत झपाट्याने ठरला. फोटोग्राफर अर्ध्या दिवसाचाच घ्यायचा. ड्रोन नाही, धूर नाही. भाड्याचे पोशाख नाहीत. साखरपुड्याची साडी आणि एक रोजच्यातली. खर्च दोघांनी निम्मा निम्मा करायचा, आणि तो लग्नातल्या हारांच्या व फटाक्यांच्या खर्चातून वाचवायचा. दाजींच्या आई दोन दिवस नाराज होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच निरोप पाठविला की, आमचाही सगळ्यांचा मिळून एक काढा म्हणावे. त्यांच्या रुसव्याखाली काय होते तेही मग कळले. त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा एकही फोटो नाही.

कोरा राहिलेला रकानाही भरला. दाजींनी आपली जागा लिहिली: कारखान्यातला माग. मालकाने रविवारी सकाळी, माग बंद असताना, तासभर परवानगी दिली आहे. अक्काला त्यांचा माग पाहायचा आहे. ज्याच्या आवाजावर ती रोज फोनमधून बोलते तो दिसतो तरी कसा? दाजींना एकच काळजी आहे, केसांतले कापसाचे तूस फोटोत दिसेल का? अक्का म्हणाली, "दिसू दे. माझ्या बोटाला तंबाखूचा रंग हाय, तो पण दिसणार."

आणि अक्काची जागा? तिने मला विचारले, "तुझ्या कॉलेजात बाहेरच्यांना येऊ देतात का रे?" मी म्हणालो, "का?" ती म्हणाली, "मला तुझं कॉलेज बघायचंय. पायऱ्यांवर एक फोटो काढू. तुझी वाचायची खोली पण बघीन."

मला काही बोलता येईना. दोन वर्षे मी रोज त्या पायऱ्या चढतो, मित्रांबरोबर टवाळक्या करीत त्यांवर बसतो. कुणाच्या तरी आवडीच्या जागेत, न पाहताच, त्या पायऱ्या आहेत हे मला ठाऊक नव्हते. हा अंक आपल्या हाती येईपर्यंत मी प्राचार्यांकडे रीतसर अर्ज केलेला असेल. गुरुजनांना विनंती की, एखाद्या रविवारी पायऱ्यांवर एक जोडपे जरा अवघडून उभे राहिलेले दिसले तर त्यांना हटकू नये.

या प्रकाराविषयी सध्या वाद फार आहेत. अनेक समाजांच्या बैठकांतून प्री-वेडिंग बंद करा असे ठराव झाले. २०२५ साली हुंड्यापायी एका सुनेचा जीव गेल्याच्या प्रकरणानंतर पुणे, अहिल्यानगर भागांत मराठा समाजाच्या मंडळींनी लग्नाची आचारसंहिता केली, तीतही हा मुद्दा आला. लग्नातली उधळपट्टी थांबावी, हुंडा थांबावा, हे म्हणणे कोण नाकारील? माझ्या भागाकाराचे उत्तर मी वर दिलेच आहे. कर्ज काढून श्रीमंतीचे सोंग उभे करणे हे वाईटच. पण बंदी घालताना एक गोष्ट मला खटकते. ठराव करणारे बहुधा वडीलधारे पुरुष असतात. ज्या दोघांचे लग्न, त्यांना तिथेही कुणी विचारीत नाही. पूर्वी पडदा दुसऱ्याने निवडला, आता पडदा नको हेही दुसऱ्यानेच ठरवायचे. खर्च कापा, पण त्या कागदाची दुसरी बाजू, ती प्रश्नांची, राहू द्या. किंबहुना फोटो काढोत वा न काढोत, प्रत्येक ठरलेल्या लग्नात ती बाजू दोघांकडून भरून घ्यावी. तिला फोटोग्राफर लागत नाही.

आपल्या गावातलेच एक उदाहरण देतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथेच सोलापुरात १९१० साली जन्मले. १९३८ साली ते भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि युद्धातल्या जखमींची सेवा करता करता तिथल्या क्वो छिंगलान या परिचारिकेशी १९४१ मध्ये त्यांनी विवाह केला. पुढच्याच वर्षी मुलगा झाला; 'भारत' आणि 'चीन' या अर्थांची चिनी अक्षरे जोडून त्याचे नाव यिनहुआ ठेवले. आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला डॉक्टर गेले. दोघांच्या सहजीवनाला जेमतेम एक वर्ष मिळाले. लष्करी पोशाखातले त्या दोघांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात ना पडदा, ना हार, ना दागिना. तरी ते पाहताना ही दोन माणसे स्वतःच्या मनाने एकमेकांशेजारी उभी आहेत, हे सांगावे लागत नाही. फोटोत खरे टिपले जाते ते एवढेच असावे.

एक छोटी गोष्ट सांगून थांबतो. कॉलेजच्या पायऱ्यांचे ठरले त्या रात्री दाजींनी फोनवर अक्काला विचारले, "तुम्हाला शिकायचं होतं का?" ती म्हणाली, "होतं की." "मग बारावीला बाहेरून बसता येतं म्हणे. आमच्या खात्यातल्या एकाच्या बहिणीनं सतरा नंबरचा फॉर्म भरलाय." अक्का थोडा वेळ गप्प राहिली. मी पुस्तकात डोके घालून वाचण्याचे सोंग करीत होतो. मग ती म्हणाली, "बघू."

हे 'बघू' होकार आहे की नकार, मला सांगता येणार नाही. विडीची मजुरी, नवे घर, सासूबाईंचा स्वभाव, पुढे येणारी पोरेबाळे. त्या फॉर्मच्या वाटेत पुष्कळ गोष्टी आहेत, आणि फोटो काढून त्या हटत नाहीत. पण तिला विचारले गेले, हे खरे. कागदपत्रांचा जाणकार या नात्याने फॉर्म कुठे मिळतो, फी किती आणि मुदत कधी संपते, याची चौकशी मी करून ठेवली आहे. भरायचा की नाही ते मात्र तिने ठरवायचे आहे.